घाम फोडणारा योग: अंगी नेमकं काय लागतं?

नववी_गल्ली | सोमवार, रात्री १०.१२
मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. चाळिशी ओलांडली, नोकरी बँकेत, दिवसभर बूड खुर्चीला चिकटलेलं. उन्हाळ्यात घराजवळ अष्टांग विन्यासाचा क्लास निघाला आणि मी नाव घातलं. आधी सूर्यनमस्कार 'अ', मग 'ब', मग उभ्याची आसनं, मग बैठ्याची, आणि दर थोड्या वेळानं हात टेकून परत मागं उडी. दीड तास असाच. चतुरंग दंडासनात, म्हणजे हात आणि चवडे टेकून अंग जमिनीलगत तोलून धरताना, कोपरं लटपटायला लागली की नाकाच्या शेंड्यावरून घाम मॅटवर टपकतो आणि पुढच्या फेरीत त्याच घामावरून हात सरकतो.

आता परिस्थिती अशी. वजनकाटा जागचा हललेला नाही. पण ड्रेस कमरेत सैल झालेत, गॅसचा सिलिंडर एकटीनं सरकवते, अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभी राहिले तरी कंबर धरत नाही. सासूबाई म्हणतात, "योग म्हणजे शांत बसायचं असतं गं, ह्या माकडउड्या कसल्या?" नवरा म्हणतो, वजन उतरलं नाही म्हणजे फी पाण्यात.

तर ह्या दमवणाऱ्या योगानं शरीराला खरोखर काय मिळतं? चक्रं उघडतात, विषद्रव्यं बाहेर पडतात, ग्रंथी पिळून निघतात हे सगळं क्लासमध्ये ऐकून झालंय, ते इथं नको. हाडं, स्नायू, सांधे, दम ह्यांच्याबद्दल बोला. ज्यांनी केलंय त्यांनीही आणि ज्यांना त्यातलं कळतं त्यांनीही.

सम्या_नादखुळा | रात्री १०.२०
घामच काढायचा असेल तर सकाळी सकाळी मिसळ हाणायची, कट जादा. मॅट पण लागत नाही.

तांबडी_माती | रात्री १०.५५
ताई, सासूबाईंस्नी सांगा, ह्या माकडउड्या न्हवंत. आमच्या तालमीत ह्याला सपाटे म्हणत्यात आणि ते मारल्याशिवाय वस्ताद कुस्तीच्या हौद्यात पाय ठेवू देत नव्हते. हात जमिनीला, पाय मागं, कंबर वर. तिथनं डोकं खाली घालायचं, छाती जमिनीला घासंल अशी पुढं काढायची, मान वर, परत कंबर मागं. हा झाला जोर. लगेच उडी घेऊन पाय हातापाशी आणायचे, एक बैठक मारायची, परत हात खाली. दोन्ही जोडून केलं की सपाटा. तुमच्या त्या विन्यासात यापरीस वेगळं काय हाय सांगा बघू. आमच्याकडं लंगोट, तुमच्याकडं लेगिन, एवढाच फरक.

पहाटे अंधारात सगळी पोरं एका तालात सपाटे मारायची. फरशीवर प्रत्येकाच्या हाताखाली घामाचे दोन पंजे उमटायचे. वस्ताद काठी घेऊन ते पंजे बघत फिरायचे. ज्याचे पंजे कोरडे, त्याच्या पोटरीवर काठी.

काय मिळतंय म्हणून विचारलंय तर खांदा, मान, मांडी आणि दम. कुस्तीत खाली गेलेल्या माणसाला वर यायला जे लागतंय ते सगळं. पण खरं सांगायचं तर अंग मोकळं काय झालं न्हाई. आज साठी उलटली, वाकलो तर हात गुडघ्याच्या खाली जात न्हाईत.

म्हैसूरमार्गे | रात्री ११.३०
काका, पंजे बघून काठी, नाद खुळा! पण फरक लेगिनपुरता नाही. मी म्हैसूरला राहून शिकलोय, म्हणून थोडं सांगतो.

ही पद्धत पट्टाभी जोइस (१९१५-२००९) यांनी जगभर पोचवली. म्हैसूरला त्यांनी १९४८ साली आपली संस्था काढली. त्यांचे गुरू कृष्णमाचार्य. ते १९३०च्या दशकात म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयानं जगनमोहन राजवाड्यात पोरांना शिकवायचे, आणि पोरांना शिकवायचं म्हटल्यावर उड्या आल्याच. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार हेही कृष्णमाचार्यांचेच शिष्य. गुरू एक, पण अय्यंगारांकडं एकेका आसनात बराच वेळ थांबायचं, विटा, पट्टे, दोर, खुर्च्या वापरायच्या. जोइसांकडं थांबायचंच नाही.

म्हणजे थांबायचं, पण मोजून पाच श्वास. प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली असते. सूर्यनमस्कार 'अ' नऊ मोजण्यांचा, 'ब' सतरा मोजण्यांचा. हात वर नेताना श्वास आत, वाकताना बाहेर. श्वास नाकानंच, घशात हलका आवाज करत, तो उज्जायी. नजर कुठं ठेवायची तेसुद्धा ठरलेलं. आसनांचा क्रम बदलायचा नाही, आणि मागचं आसन बसल्याशिवाय शिक्षक पुढचं देत नाहीत. सपाट्याचा ताल वस्तादांच्या तोंडात असतो, इथं तो ज्याच्या त्याच्या श्वासात. श्वास धापेवर आला की त्या दिवशी तिथंच आवरायचं. आठवड्यातले सहा दिवस करायचं, शनिवारी सुट्टी, अमावास्या-पौर्णिमेलाही सुट्टी.

सम्या_नादखुळा | रात्री ११.३४
अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी? आमच्या साहेबाला म्हैसूरला पाठवा कुणीतरी.

सांधेवाली | मंगळवार, सकाळी ६.५०
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतःही हा योग करते. नववी_गल्ली, सुरुवात वजनकाट्यापासूनच करते, कारण तुमच्या यजमानांना उत्तर तिथंच मिळेल.

व्यायाम किती जोराचा आहे हे सांगायला मेट नावाचं माप आहे. निवांत बसलेलं शरीर म्हणजे १ मेट, किलोमागं तासाला साधारण एक कॅलरी. संथ हठयोग साधारण २.५, सूर्यनमस्कार ३.३, पॉवर योग म्हणतात तो ४. बऱ्यापैकी वेगानं चालणं ३.५. आता हिशेब करा. ६० किलो वजनाच्या बाईनं ४ मेटचा योग दीड तास केला तर ३६० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ९० नुसतं बसून राहिलं तरी गेल्याच असत्या. उरल्या २७०. सम्याच्या मिसळीत त्या ब्रेडच्या स्लाइससकट वसूल होतात. वजन ठरतं ताटात. ज्याला फक्त वजन उतरवायचंय त्यानं ह्या क्लासची फी भरू नये, असं मी पेशंटना तोंडावर सांगते.

मग ड्रेस सैल का झाले? थोडी चरबी गेली, थोडा स्नायू आला, काटा तिथंच राहिला. शिवाय पोटाचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागले की माणूस उभाच वेगळा राहतो. काटा बाजूला ठेवा, टेप वापरा.

सिलिंडरचं कोडं सोपं आहे. चतुरंगात शरीराचा बराचसा भार दोन हातांवर सावकाश खाली उतरवायचा असतो. स्नायू लांबत असताना भार पेलणं हे ताकद वाढवायला फार गुणकारी. दंडाचा मागचा भाग, छाती, खांदा आणि फऱ्याचं हाड बरगड्यांना धरून ठेवणारा स्नायू, सगळे एकदम राबतात. आपल्याकडच्या बायकांचं वरचं अंग कायम दुबळं राहतं, कारण घरात कितीही राबलं तरी एवढा भार हातांवर सहसा येत नाही. एक गंमत सांगते. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती स्नायू जाड झाल्यानं नाही. आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो. लवचिकपणाचंही तेच. सुरुवातीला मांडीमागचा स्नायू लांब होतच नाही, ताण सोसायची हद्द तेवढी पुढं सरकते. म्हणून चार दिवस सोडलं की हात परत पायाच्या बोटांपासून दूर.

हाडांबद्दल बोलायचं तर हाड भाराला उत्तर देतं. हात टेकून केलेल्या आसनांत मनगटावर भार येतो, जो चालण्यात कधीच येत नाही. तोल तर झपाट्यानं सुधारतो. उत्थित हस्त पादांगुष्ठासनात एका पायावर पाच श्वास उभं राहून बघा, घोट्याभोवतीचे बारीक स्नायू थरथरताना दिसतात. ते थरथरणं म्हणजेच त्यांचं काम. आणि तुमची कंबर: जुनाट कंबरदुखीवर औषधांच्या आधी जे उपाय करून बघा म्हणतात, त्यांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ साली योगही घातलाय. त्यात कसली जादू नाही, कंबर हलती राहते आणि तिच्या आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात.

ग्रंथी पिळून वगैरे काही निघत नाहीत. विषद्रव्यं काढायला मूत्रपिंड आणि यकृत बसलेत, घामातून मुख्यतः पाणी आणि मीठ जातं.

चालता_बोलता | सकाळी ८.०५
एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी? रंकाळ्याला रोज पहाटे जा, गार वारा खा, चाला. फुकटात होतंय. डॉक्टर आजवर मला "चाला" एवढंच सांगत आलेत, "अंगठा धरून एका पायावर उभे रहा" असं कुणी सांगितलं नाही. हे अष्टांग-फिष्टांग म्हणजे महागडी मॅट, तिच्यावर तेवढीच महागडी बाटली, आणि पन्हाळ्याच्या तटबंदीवर हात वर करून फोटो. आमच्या आज्जीनं काय विन्यास केला होता? नव्वदीपर्यंत विहिरीचं पाणी काढलं तिनं.

सांधेवाली | सकाळी ८.४०
काका, आज्जीनं पाणी काढलं म्हणूनच! तुम्ही रंकाळ्यावर चालताना हातांनी काय उचलता, मोबाइल? चालणं उत्तमच आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दोन भागांत आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि शिवाय निदान दोन दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. पासष्टीनंतर तर आठवड्यात तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हीचं काहीतरी करा, म्हणजे पडझड टळते. हा दुसरा भाग चालण्यात बसत नाही. नववी_गल्लीच्या दीड तासात दोन्ही बसतात.

दम वाढतो का हे घरच्या घरी कळतं. व्यायाम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. धड वाक्यही पुरं करता येत नाही, म्हणजे जोराचा. सूर्यनमस्कार 'ब' च्या शेवटच्या फेरीत बोलून बघा.

चालता_बोलता | सकाळी ८.५२
बोलायचं म्हटल्यावर आम्ही कुठंही बोलू शकतो, ते काय खरं माप नव्हे.

कावळा_नाका | सकाळी ११.१५
सगळं गोड गोड चाललंय म्हणून कडू घोट. मी दुसऱ्या शहरात नोकरीला असताना अशाच क्लासला जायचो. नाव सांगत नाही, शहरही नाही. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढं वाकताना, कपाळ गुडघ्याला लागेना म्हणून सर पाठीवर रेलले. अंगावर रेलले, अक्षरशः. बसायच्या हाडापाशी टचकन झालं. सर म्हणाले, "गाठ सुटली, चांगलं आहे." गाठ कसली सुटते! त्यानंतर कितीतरी महिने गाडी चालवताना एका कुल्ल्यावर बसायचो. डॉक्टरांनी सांगितलं, मांडीमागचा स्नायू हाडाला जोडतो तिथं, मुळाशी दुखावला आहे. तोपर्यंत मी रोज तीच जागा ताणत होतो, कारण क्लासमध्ये "दुखेल, पण ताणत राहा" असंच सांगायचे.

फायदे असतील. पण इंटरनेटवर फायद्यांची यादी लांबलचक असते आणि असल्या गोष्टी कुणी लिहीत नाही.

म्हैसूरमार्गे | दुपारी १२.३०
@कावळा_नाका, वाचून संताप आला. शिक्षकानं हात लावायचा तो दिशा दाखवायला. वजन टाकायला नाही, आणि विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. "हात लावू नका" हे विद्यार्थ्यानं बिनदिक्कत सांगावं. ह्या परंपरेत शिक्षकांनी जोर लावून शरीरं वाकवल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. अष्टांग करणाऱ्यांत मांडीमागं, गुडघ्यात नाहीतर खांद्यात काहीच झालं नाही असा माणूस मला क्वचित भेटलाय. रोज तोच क्रम, तीच हालचाल, म्हणजे चूक असली तर तीही रोज तीच.

सांधेवाली | दुपारी ३.१०
दोघांशीही सहमत. माझ्याकडं येणारे ह्या योगाचे पेशंट तीन जागा धरून येतात.

खांद्याचं कारण नव्वद टक्के वेळा चतुरंग. (टक्का माझ्या अंदाजाचा, कुठं छापू नका.) खाली उतरताना खांदे कोपरांच्या पातळीखाली जाऊ द्यायचे नाहीत. कोपरं बरगड्यांच्या जवळ, मनगटाच्या बरोबर वर. छाती आधी कोसळते आणि कंबर मागं वर राहते, तसं व्हायला लागलं की गुडघे टेका. गुडघे टेकून केलेला चतुरंग हा कमीपणा नाही. कोसळण्यापेक्षा शंभर पट बरा.

मनगटासाठी बोटं पसरून तर्जनी आणि अंगठ्याच्या मुळाशी जमीन दाबायची, म्हणजे सगळा भार तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर येत नाही.

आणि तिसरी कावळा_नाकांची जागा. तिथं दुखायला लागलं की ताणणं बंद म्हणजे बंद. पुढं वाकताना गुडघे खुशाल वाकवा. स्नायूच्या मधोमध ताण जाणवला तर चालेल, हाडापाशी जाणवला तर नाही. नंतर त्या जागेची ताकद हळूहळू वाढवावी लागते. नुसती विश्रांती पुरत नाही.

औंधकर | दुपारी ४.४५
चर्चा म्हैसूरभोवती फिरतेय म्हणून आमच्या सातारा जिल्ह्याचं घोडं पुढं दामटतो. सूर्यनमस्कार घरोघर आणि शाळाशाळांत नेला तो औंधच्या राजानं, भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. १९२०च्या दशकात त्यांनी त्यावर लिहिलं, संस्थानातल्या शाळांत तो सुरू केला, स्वतः म्हातारपणापर्यंत घातला. त्याच सुमारास, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. हे कुवलयानंद आधी बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. म्हणजे तांबडी_माती म्हणतात त्यात तथ्य आहे. त्या काळात आखाडा आणि योग ह्यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती.

आमच्या आजोबांच्या पिढीत मौंजीनंतर मुलाला संध्या आणि नमस्कार दोन्ही लागायचे. संध्या बहुतेकांची सुटली, नमस्कार टिकले.

तांबडी_माती | सायंकाळी ६.२०
औंधकर, बडोद्याचं ठाऊक नव्हतं, झकास. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग मैदान उभं केलं, तवापासनं इथल्या पोराला व्यायाम म्हटलं की लाल मातीच दिसतीया. आमचं नशीब म्हणा.

पण सांधेवाली बाई ताटाचं बोलल्या ते अगदी खरं. पैलवानाचं वाटोळं कशात होतंय ठाऊक हाय? लग्न होतंय, कसरत सुटती, खुराक सुटत न्हाई. बदाम, तूप, थंडाई, दुधाचा तांब्या चालूच, आणि वर रविवारी पांढरा रस्सा वाटीवर वाटी. चाळिशीत गुडघे बोलायला लागत्यात. माझेच बोलत्यात. तवा व्यायाम कुठला का असंना, म्हातारपणापर्यंत पेलंल असा धरावा. हजार सपाटे विशीत मारले म्हणून साठीत कुणी मेडल देत न्हाई.

सम्या_नादखुळा | सायंकाळी ६.२५
काका, रश्श्याबद्दल वाईट बोलायचं नाही. ही शेवटची वॉर्निंग.

उचगावचे_अण्णा | रात्री ८.४०
वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू, डाव्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात. सूनबाई ह्या क्लासला जाते आणि "बाबा, तुम्ही पण चला" म्हणून मागं लागलीय. जावं का?

सांधेवाली | रात्री ९.३०
अण्णा, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, मग सूनबाईंना. डोकं हृदयाच्या खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. शीर्षासन, सर्वांगासन तर सोडाच, हातपाय टेकून कंबर वर, डोकं खाली अशा अधोमुख श्वानासनातसुद्धा वाढतो, आणि विन्यासात ते दर मिनिटाला येतं. काचबिंदू असलेल्या माणसाला हा प्रकार मी सुचवणार नाही. रक्तदाब गोळीनं ताब्यात असेल तर सौम्य योगाला हरकत नसते, फक्त श्वास कोंडून जोर लावायचा नाही. म्हैसूरमार्गे म्हणाले ती अय्यंगारांची पद्धत, भिंतीचा-खुर्चीचा आधार घेऊन, तुम्हाला जास्त मानवेल. तिथंही शिक्षकांना काचबिंदूचं पहिल्याच दिवशी सांगा.

आणखी दोघांनी जपून राहावं. मणक्याची चकती सरकलेल्यांनी उडी मारत पुढं वाकायचं नाही. पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनीही कमरेतून गोल होत खोल वाकणं टाळावं, त्यानं मणका दबून चिरू शकतो. पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून अर्ध्यावर थांबायचं.

उचगावचे_अण्णा | रात्री ९.४१
आभारी आहे. सूनबाईंना हेच दाखवतो, माझं ऐकत नाही ती.

पन्हाळा_पायथा | बुधवार, सकाळी ७.३०
मी ट्रेकर, पावनखिंडीची वाट दर पावसाळ्यात करते. ह्या योगामुळं मला सगळ्यात जास्त उपयोग उतरताना झाला. चढताना फुप्फुसं बोलतात, उतरताना मांड्या आणि घोटे. वीरभद्रासनात आणि उत्कटासनात मांडी जी पेटते, तीच मांडी चिखलातल्या निसरड्या उतारावर ब्रेक लावते. धाप मात्र त्यानं फारशी कमी झाली नाही, त्यासाठी मला पन्हाळ्याचा घाट पळत चढावाच लागतो. आणि एक, दुसऱ्या बाळंतपणानंतर मी बराच काळ थांबले. पोटाचे स्नायू मधून फाकले होते, ते जुळेपर्यंत ओळखीच्या फिजिओनी उड्या आणि चतुरंग बंद ठेवले. क्लासमध्ये हे कुणी आपणहून विचारत नाही, आपणच सांगायचं.

नववी_गल्ली | रात्री १०.०५
बापरे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत! सगळं वाचलं, वजनाचा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग ताटाचं बघू," आणि दुसरी भाकरी घेतली.

आज चतुरंगात मुद्दाम बाजूच्या आरशात बघितलं. खांदे कोपरांच्या खाली जात होते, चांगले दोन बोटं. गुडघे टेकून केलं तर शेवटपर्यंत कोपरं लटपटली नाहीत आणि दंडाच्या मागं भलतीच जागा दुखायला लागली, म्हणजे आजवर तिला काम नव्हतं. शिक्षिकेला विचारलं, त्या म्हणाल्या ठेव गुडघे, घाई नाही. बाई समंजस आहेत.

एक शंका राहिली. ह्या सगळ्यात ढकलणं आहे, वाकणं आहे, उभं राहणं आहे. ओढणं कुठंच नाही. ते कशातून मिळवायचं?

सांधेवाली | रात्री १०.३०
नेमकं हेच लिहायचं राहिलं होतं. जमीन ढकलता येते, ओढता येत नाही, म्हणून मॅटवरच्या कुठल्याच योगात पाठीच्या ओढणाऱ्या स्नायूंना पुरेसं काम नसतं. छाती आणि खांद्याचा पुढचा भाग तयार होतो, मागचा मागं राहतो. आठवड्यातून दोनदा रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून बसल्या बसल्या पोटाकडं ओढा. नाहीतर बारला लटका. बँकेत दिवसभर पुढं झुकून बसणाऱ्यांना तर ते हवंच.

तांबडी_माती | रात्री १०.५०
ह्यालाच तालमीत दोर असतोय! तुळईला बांधलेला, हाताहातानं वर जायचं, पाय लावायचे न्हाईत. मल्लखांब बी त्यातलाच. आता तर पोरी पण कुस्ती खेळत्यात, दोर चढत्यात. आमच्या वेळी बायांनी तालमीच्या उंबऱ्याला शिवायचं न्हाई असला खुळचटपणा होता. ताई, रबरी पट्ट्यानं भागत नसंल तर सांगा, दोर मी देतो.

चालता_बोलता | रात्री ११.०२
दोर बांधायला नवव्या गल्लीत तुळई असलेलं घर राहिलंय का एकतरी? सगळे फ्लॅट झाले.

पन्हाळा_पायथा | गुरुवार, सकाळी ६.४०
किरकोळ पण जीवघेणा प्रश्न. आषाढात मॅट कशी वाळवता? आमच्याकडं आठ दिवस ऊन नाही, मॅटला असा कुबट वास मारतोय की शवासनात शव कुणाचं ते कळत नाही.

म्हैसूरमार्गे | सकाळी ७.१५
मॅट गुंडाळून ठेवू नका, ओल्या फडक्यानं पुसून पंख्याखाली दारावर टाका. आणि तिच्यावर सुती सतरंजी घाला. म्हैसूरला तसंच करतात. घाम सतरंजी पिते, हात सरकत नाही, आणि ती मशीनमध्ये धुता येते.

सम्या_नादखुळा | सकाळी ७.२२
सतरंज्या गांधीनगरला होलसेलमध्ये बघा. दोन घ्या, एक वाळेपर्यंत दुसरी.

तांबडी_माती | सकाळी ७.४०
हौद्याच्या मातीत हळद, ताक, लिंबू आणि तेल घालून ती मळत्यात. भर पावसात बी वास येत न्हाई. मॅटवर तेवढं करून बघू नका म्हणजे झालं.